नाकारण्याचं कारण

१ आडवा : दिलेला शब्द

शब्द होता कवडसा. चार घरं, चार अक्षरं.

स्पर्धेचा शब्द मागच्या वर्षीचा विजेता ठरवतो आणि परीक्षकही तोच असतो, ही आमच्या शब्दकोडी मंडळाची रीत. यंदा ती पाळी मेहनाजवर आली. कर्जतच्या बाजारात तिचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, लेस, बटणं. बाई ब्लाउजपीस काउंटरवर टाकते, मेहनाज एकदा बघते आणि मागे न वळता फळीवरून नेमक्या त्याच रंगाचं अस्तर ओढते. पोपटी आणि कच्च्या कैरीचा हिरवा यांत ती कधी फसली नाही. रंग ओळखायची ही सवय पुढे तिच्याच अंगाशी यायची होती, पण ते नंतर.

गूढ शब्दकोड्याचं ज्यांना वेड नाही त्यांच्यासाठी एवढंच. साध्या कोड्यात सूर्य हवा असेल तर 'रवी' असं विचारतात आणि विषय संपतो. गूढ कोड्यातला क्लू दोन कामं करतो. त्याच्या एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो, आणि उरलेल्या ओळीत तो शब्द अक्षराअक्षराने कसा बांधायचा त्याची कृती. वाचताना मात्र ते एक साधं वाक्य वाटलं पाहिजे. त्यातला प्रत्येक शब्द कामाचा हवा. बिनकामाचा शब्द चालत नाही, आणि एकच काम दोन शब्दांना दिलेलंही चालत नाही.

स्पर्धेत सगळ्यांना एकच शब्द देतात. त्यावर प्रत्येकाने एक क्लू लिहायचा. आलेले क्लू किरण नावाचा मंडळाचा एक मास्तर गोळा करतो, नावं काढून टाकतो आणि सगळे एकाच टायपात परीक्षकाकडे पाठवतो. आणि एक नियम, जो दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत नाही. कारण लिहिल्याशिवाय कुणाला नाकारायचं नाही. एकाच ओळीत, पण खरं कारण. ते ग्रुपवर सगळ्यांना दिसतं, फक्त कुणाच्या क्लूचं कोणतं ते ज्याचं त्याला कळतं.

हा नियम आबाजींचा. मंडळही मुळात त्यांचंच.


१ उभा : आबाजी
(आडव्याला पहिल्याच घरात छेदतो)

लोधिवलीचे आबाजी. कुंभिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, आता निवृत्त. घरची भातशेती भाऊबंद बघतात. मेहनाजला क्लू लिहायला त्यांनीच शिकवलं, तेही तिच्याच दुकानात, स्टुलावर बसून. बायकोच्या साडीला फॉल घ्यायला आलेला माणूस काउंटरवरच्या वर्तमानपत्रातलं अर्धवट कोडं बघतो काय, आणि म्हणतो काय, "बाई, हे सात उभं चुकलंय तुमचं. आणि ते देणाऱ्याचंबी चुकलंय." तेव्हापासूनची ओळख.

क्लू बांधायची त्यांची पद्धत निराळी होती. घरात जुना कॅरमचा संच होता. त्याच्या सोंगट्यांवर त्यांनी चिकटपट्टी लावून एकेक अक्षर लिहिलं होतं आणि त्या सोंगट्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. क्लू सुचला की तो तोंडाने म्हणत म्हणत सोंगट्या जमिनीवर मांडायच्या. ओळ सांगते तेवढंच मांडायचं, एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. शब्द तयार झाला तर क्लू खरा. नाहीतर ओळ कितीही देखणी असली तरी फेकून द्यायची. ते म्हणायचे की सोंगट्यांना आपलं तोंड बघून हसायची सवय नसते.

त्यांच्या स्वयंपाकघरात कौलांमध्ये एक काचेचं कौल आहे. सकाळी त्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडतो आणि हळूहळू चुलीकडून फडताळाकडे सरकतो. कवडसा हा शब्द मेहनाजला तिथेच सापडला होता. आबाजींना तसं तिने सांगितलं नाही. परीक्षकाने सांगायचं नसतं.

शब्द जाहीर झाला त्या आठवड्यात ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि चहा प्याले. मेहनाजच्या नवऱ्याच्या, झुहेबच्या, टेंपोची चौकशी केली. थोड्या वेळाने तीच चौकशी पुन्हा केली. मेहनाजने दोन्ही वेळा सारखंच उत्तर दिलं, जसं कुणीही देईल. निघताना ते पायरीवर थांबले.

"यंदा मी पाठवणार हाय," ते म्हणाले. "कारण नीट लिही गं."

इतकी वर्षं ते स्पर्धेत उतरले नव्हते. म्हातारपणी हौस आली, असं मेहनाजला वाटलं. 'नीट' या शब्दाकडे तिने लक्ष दिलं नाही. कुणाच्या क्लूत असता तर दिलं असतं.


२ उभा : शकू

शकू ही आबाजींची सून. नवरा बाहेरगावी नोकरीला, ती कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहिल्या पाळीला असली की उजाडायच्या आत घर सोडते. सासूला, म्हणजे अंबाबाईंना साखरेचा जुना आजार. रोज सकाळी खाण्याआधी इन्शुलिनची सुई लागते. अंबाबाईंची नजर अधू, इन्शुलिनच्या पेनावरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. म्हणून सुई द्यायचं काम आबाजींचं. कारखान्यातल्या माणसांच्या वेळा सांभाळल्या तशीच ते ही वेळ सांभाळतात.

शकू दुकानात अस्तर घ्यायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली की मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, हल्ली बरोबर नाही. बोललेलं विसरतात. चावी हातात असताना चावी शोधतात. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला वय झालं की असं चालायचंच. घरात सगळेच त्यांना तसं सांगतात. सांगताना हसतात, म्हणजे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण स्पर्धेचं नाव काढलं की मामा खुलतात, शकू म्हणाली. तेवढंच त्यांना राहिलंय.

अस्तर गुंडाळताना मेहनाजचा हात जरा सावकाश झाला.


३ आडवा : तो क्लू

किरणने पाठवलेले क्लू मेहनाजने दुपारी, दुकान बंद असतं त्या वेळात वाचायला घेतले. बरेचसे ठीकठाक होते. काही बेतलेले, काही उधार आणल्यासारखे. एक फार चांगला होता.

कसा मिठीत घेईल वडाला हा छपरातून गळलेला प्रकाश.

'कसा'ने 'वड'ला मिठीत घ्यायचं. क, मग वड, मग सा. कवडसा. आणि शेवटी त्याचा अर्थ, छपरातून गळलेला प्रकाश. एक शब्द काढा, इमारत पडते. एक घाला, तरी पडते. मेहनाजने त्यावर खूण केली आणि पुढचा वाचला.

कसा पोटात वड घालून, पारावरच्या झाडासकट, घरात उतरलेला उन्हाचा तुकडा.

ती 'सकट'पाशी थांबली. मंडळात सगळे 'सह' लिहितात. 'सकट' लिहिणारा एकच माणूस तिला माहीत होता. ब्लाउजपीस काउंटरवर पडावा आणि मागे न वळता फळी सापडावी, तसं झालं.

मग तिने क्लू पुन्हा वाचला, आणि चूक तिला दिसली. दिसली नाही असं तिने नंतर कधी म्हटलं नाही. 'पोटात वड घालून' म्हणजे वड आत गेला. 'पारावरच्या झाडासकट' म्हणजे पुन्हा वडच. एकदा घातलेलं झाड पुन्हा घातलं होतं. सोंगट्या मांडल्या असत्या तर क, वड, वड, सा. चार घरांसाठी सहा अक्षरं.

हा क्लू दुसऱ्या कुणाचा असता तर कारण तिथल्या तिथे लिहून झालं असतं.

ती उठली, माठातलं पाणी प्याली. पारावरचं झाड म्हणजे काही दुसरा वड नाही, तिने स्वतःला सांगितलं. तोच वड, फक्त पुन्हा उल्लेखलेला. सजावट म्हणून. आणि चित्र बघा ना, अख्खं झाड पोटात घालून घरात उतरणारं ऊन. अशा ओळीसाठी एवढं सोडायला काय हरकत आहे. कुणाचं काय जातंय. माणूस खुलेल. 

पहिला क्रमांक तिने त्या क्लूला दिला. पहिल्या क्रमांकालाही कारण लागतं. तिने लिहिलं : 'चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.' अक्षरांबद्दल काहीही लिहिलं नाही.


■

काळं घर. यात काही भरायचं नसतं. तरी कोडं उभं राहतं ते अशा घरांवरच. मेहनाजने 'कुणाचं काय जातंय' म्हटलं ते आणि त्यानंतर लोधिवलीत जे झालं ते, या दोन्हींच्या मध्ये हे घर आहे.


४ उभा : सकाळ

निकाल लागल्यावर आबाजींनी किरणला फोन करून खात्री करून घेतली की मेहनाजला नावं दिली नव्हती. मग पेढे वाटले. दुकानात आले तेव्हा तरतरीत दिसत होते. निकाल मोबाइलवर उघडाच होता.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी अंबाबाईंना दरदरून घाम सुटला. अंग थरथरायला लागलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, आणि मग हाक ऐकू येईना. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून खोपोलीच्या एका दवाखान्यात नेलं. सलाइनमधून साखर दिली तेव्हा डोळे उघडले. शकू कंपनीतून थेट तिकडे गेली आणि वाटेत तिने मेहनाजला फोन केला. मेहनाजने दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

ती पोचली तेव्हा डॉक्टर आबाजींना विचारत होते की सुई दोनदा दिली गेली का. त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं. आबाजी शांत होते.

"नाय. एकदाच दिली."

डॉक्टरांनी जरा थांबून विचारलं की हल्ली विसरायला होतं का. तेव्हा आबाजींनी खिशातून मोबाइल काढला, निकालाचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"माझं डोकं तपासून झालंय, डॉक्टर. नाव न बघता तपासलंय. ह्या बाईंनीच." आणि त्यांनी मेहनाजकडे हात केला.

डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. हे काय प्रकरण आहे ते त्यांना समजलं नव्हतं, पण म्हाताऱ्याचा अभिमान त्यांना समजला. मग एकदाच दिली असं धरून ते पुढे बोलले. आदल्या दिवशी जेवण कमी झालं असेल, सुईचं प्रमाण थोडं उतरवू या.

मेहनाज तिथेच उभी होती. क्लूत चूक होती हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. तिला प्रथमच कळलं की आबाजी स्पर्धेत हौसेने उतरले नव्हते. आपलं डोकं चालतं की नाही हे त्यांना विचारायचं होतं. घरचे गोड बोलतात, डॉक्टर गोड बोलतो. ज्याला आपलं नाव दिसणार नाही असा एकच माणूस त्यांना ठाऊक होता.


५ आडवा : सोंगट्या

अंबाबाई घरी आल्या. शकूने रजा काढली होती ती संपत आली. फोनवर ती म्हणाली की सोमवारपासून पहिली पाळी, आता परत मामाच सुई देतील. ते म्हणतात मला जमतंय, आणि दिसतंय तर तसंच.

रविवारी सकाळी मेहनाज लोधिवलीला गेली. वाटेत तिने सांगायच्या वाक्यांची बरीच जुळवाजुळव केली. ओटीवर चढेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही.

अंबाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. शकू भाकऱ्या थापत होती. आबाजींनी मेहनाजला पाट सरकवला आणि शकूला चहा टाकायला सांगितलं.

"आबा, निकाल बदलायचाय," मेहनाज म्हणाली. "पहिल्या नंबरचा."

"का गं? मी तुला पेढे चारून नंबर मिळवला म्हणून कोण ओरडलं का काय?"

"पेढे नंतर चारलेत तुम्ही." तिला हसू आलं नाही. "सोंगट्या काढता का?"

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. उठून फडताळातला बिस्किटाचा डबा आणला, मांडी घालून बसले आणि डबा उघडला. मेहनाज त्यांचाच क्लू हळूहळू म्हणत गेली आणि ते मांडत गेले. कसा. त्यांनी क आणि सा ठेवले, मध्ये जागा सोडली. पोटात वड घालून. व ठेवला, ड ठेवला. जमिनीवर शब्द पुरा झाला.

"पारावरच्या झाडासकट," मेहनाज म्हणाली.

त्यांचा हात सवयीने पुन्हा डब्यात गेला. व मिळाला, तो त्यांनी ठेवला. ड मिळेना. ते डबा ढवळत राहिले. सोंगट्या पत्र्यावर वाजत होत्या. एकेक काढून बघत होते, बाजूला टाकत होते. "एक ड कुठं गेला," ते स्वतःशी म्हणाले. शकूने थापणं थांबवलं. 

मग ढवळणारा हात थांबला.

जास्तीचा व त्यांनी उचलून डब्यात टाकला, मग परत काढून हातात धरला.

"हे तू तवाच बघितलं हुतंस?"

"हो."

"मग?"

"सकट वाचलं आणि कळलं की तुमचं आहे."

"नाव नव्हतं ना त्याच्यावर?"

"नव्हतं."

"मग किरणनं एवढी खटपट कशाला केली?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मेहनाजला बरं वाटलं असतं. "तुला क्लू वाचायला दिला हुता, मेहनाज. तू मला वाचलंस."

मेहनाजने जमिनीवरचा ड बोटाने सरळ केला.

"हितं कोण सांगतंय खरं?" ते म्हणाले. "ही सून म्हणती वयाप्रमाणं हाय. डॉक्टर म्हणतो माझंबी असंच हुतं. म्हटलं, एक जण हाय, जिला म्हाताऱ्याचं तोंड दिसणार नाय. ती सांगंल."

तेव्हा भिंतीशी बसलेल्या अंबाबाई बोलल्या. त्या दिवसाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती, आणि नंतर जो तो प्रकृतीचं विचारत होता.

"मी सांगत हुते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "आताच दिलीत म्हणून. तुमी म्हणालात, पहिला नंबर आलेल्या माणसाला शिकवतीस व्हय. मग मला वाटलं, माझंच चुकत असंल. दिला हात पुढं."

भाकरी तव्यावर करपली. ती कुणी उलटली नाही.


५ उभा : दुरुस्ती

मंडळाची रीत अशी की कारण दिल्याशिवाय नाकारायचं नाही. आबाजींनी मेहनाजला मोबाइल काढायला लावला.

"लिही."

तिने लिहिलं : 'पहिला क्रमांक मागे घेत आहे. कारण : जे एकदा घातलं आहे तेच पुन्हा घातलं आहे.'

त्यांनी ते वाचलं, मान हलवली. "अर्धंच झालं. तुझं लिही."

तिने खाली लिहिलं : 'परीक्षकाने क्लू कुणाचा ते ओळखलं, आणि चूक दिसूनही सोडली.' बोट क्षणभर वर राहिलं. मग तिने ते ग्रुपवर पाठवून दिलं. पहिला नंबर आता त्या मिठीतल्या वडाचा. तो नागपूरचा की नागावचा कुणी होता, हे किरणच सांगेल.

आबाजी उठले. फ्रिजच्या दारातलं इन्शुलिनचं पेन त्यांनी काढलं आणि शकूच्या पिठाळ हातात ठेवायला गेले. मग तिचे हात धुवून होईपर्यंत ते तसेच पेन धरून उभे राहिले. शकू म्हणाली की पाळी बदलून मागते, दुसरी मिळाली तर सकाळी घरी असेन, नाहीतर शेजारच्या गौराबाईंना दाखवून ठेवते. ते म्हणाले, बघ. पेनावर आकडा कसा फिरवायचा ते त्यांनी तिला दाखवलं. तिला येत होतं, तरी तिने बघून घेतलं. तिने सुई दिली तेव्हा त्यांनी अंबाबाईंचा हात धरला होता. सुई देणाऱ्याने धरावा तसाच.

अंबाबाई भाकरी खायला बसल्या. मेहनाजने चहा घेतला. काचेच्या कौलातला उजेड जमिनीवर मांडलेल्या चार सोंगट्यांवर आला होता. कुणी त्या उचलल्या नव्हत्या.

"हिला सुई दिली का?" आबाजींनी विचारलं.

"दिली, मामा," शकू म्हणाली.

ते बरं म्हणाले. मेहनाजला दुकानाचं विचारलं, लग्नसराईत गर्दी आहे का ते विचारलं. मग त्यांची नजर फ्रिजकडे गेली आणि तिथे थांबली.

"हिला सुई दिली का?"

शकूने तोंड उघडलं. पहिल्यासारखंच उत्तर तिच्या ओठांवर होतं, तोच मऊ आवाज, तेच हसू. पण तिने आधी मेहनाजकडे पाहिलं.

"दिली, आबा," मेहनाज म्हणाली. "आत्ताच विचारलंत तुम्ही. हे दुसऱ्यांदा."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि पुन्हा जागेवर बसलं. ते खाली वाकले, सोंगट्या एकेक करून गोळा करू लागले.

"असंच सांगत जा," ते म्हणाले.